सादळणे : एका अकर्मक क्रियापदाचा हिशेब

मराठीत ‘सादळणे’ असे एक क्रियापद आहे. आषाढात पापड सादळतात, आगकाडी सादळते, डब्याचे झाकण सैल राहिले तर चिवडा सादळतो. भिजणे वेगळे आणि सादळणे वेगळे. भिजण्याला पाऊस लागतो, सांडलेले पाणी लागते, निदान कुणाचा तरी निष्काळजीपणा लागतो. सादळण्याला यांपैकी काहीच लागत नाही. हवेतली ओल वस्तू आपल्या आपण ओढून घेते आणि सकाळी हात लावावा तर तिचा कुरकुरीतपणा गेलेला असतो. व्याकरणाच्या दृष्टीने हे क्रियापद अकर्मक. ‘मी भिजतो’ याचे ‘मी भिजवतो’ असे प्रयोजक रूप आपण रोज वापरतो. ‘सादळवतो’ हे रूप नियमाने सिद्ध करता येईल, पण ते सहजी कुणाच्या तोंडी येत नाही. कारण आपल्या भाषिक समजुतीप्रमाणे सादळणे ही कुणी केलेली कृती नव्हेच.

या शब्दाकडे लक्ष वेधले गेले ते पाचोऱ्याच्या रेल्वे स्थानकाबाहेरच्या एका पानटपरीवर. श्रावणातली झड लागलेली होती. टपरीतल्या म्हाताऱ्या आप्पांनी विड्यांचे कट्टे दिव्याच्या उष्णतेने शेकत ठेवलेले होते. तेवढ्यात एक हमाल परत आला आणि म्हणाला, “आप्पा, ही बिडी पेटत नाही.”

“पावसाची सादळली रे भाऊ. तिला मी काय करू?”

“मग पैसे कोरड्या बिडीचे कशाला घेतले?”

आप्पांनी मुकाट्याने दुसरी विडी दिली. या दोन वाक्यांत मला एका मोठ्या इतिहासाचे सूत्र दिसले. ‘सादळली’ हे आप्पांचे क्रियापद अकर्तृक आहे. त्यात दोषी कुणीच नाही. ‘पैसे घेतले’ या हमालाच्या क्रियापदाला मात्र स्पष्ट कर्ता आहे. वस्तूने ओल घेतली की तिचे वजन वाढते, ओल सोडली की वजन घटते, आणि दोन्ही टोकांना गुण बिघडतो. त्या वाढीचा धनी कोण आणि त्या घटीचा भार कुणी सोसायचा, हे निसर्ग ठरवत नाही. ते माणसे ठरवतात. तंबाखू या एका वस्तूच्या आधारे हा व्यवहार तपासून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. धूम्रपानाचा गौरव करण्याचा त्यात उद्देश नाही, हे वेगळे सांगायला नकोच.

१. पेटीत ठेवलेली ओल

तंबाखूचे पान स्वभावतः आर्द्रताशोषक आहे. कोरड्या हवेत ते पापडासारखे चुरते, दमट हवेत चामड्यासारखे लवचिक होते. त्याच्या या स्वभावाचा सर्वांत लाडिक सांभाळ झाला तो सिगारच्या बाबतीत. सिगारभोवतीच्या हवेची सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास असावी, असा या व्यवसायातला रूढ दंडक आहे. त्याहून फार कमी झाली तर बाहेरचे पान तडकते आणि सिगार भरभर, कडवट जळतो. फार वाढली तर तो ओढला जात नाही आणि त्यावर बुरशी धरते. ओलीला उष्म्याची जोड मिळाली तर तंबाखूच्या भुंग्याची अंडी फुटतात आणि पेटीच्या पेटी भोके पडून वाया जाते.

यावर उपाय म्हणून जी लाकडी पेटी रूढ झाली तिच्या लाकडाला ‘स्पॅनिश सीडर’ म्हणतात. ते खऱ्या देवदाराच्या जातीचे नाही. आपल्या कडुनिंबाच्या आणि तुणीच्या कुळातले ते झाड आहे. हे लाकूड हवेत ओल जास्त झाली की थोडी पिऊन घेते आणि हवा कोरडी पडली की परत देते. श्रीमंत घरांतून यासाठी ‘ह्युमिडॉर’ नावाची खास पेटी असते. सिगार त्यात वर्षानुवर्षे निगुतीने मुरत राहतो.

आपल्या देशातही सिगारचे एक घराणे होते. तमिळमधल्या ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी या शब्दापासून इंग्रजी ‘चिरूट’ झाला आणि तो आपणही घेतला. तिरुचिरापल्ली आणि दिंडीगल इथले चिरूट समुद्रमार्गे विलायतेला जात. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या पहिल्याच शेरलॉक होम्स कथेत राखेवरून तिरुचिरापल्लीचा चिरूट ओळखण्याचा प्रसंग आहे, तो साहित्याच्या विद्यार्थ्यांना आठवेल. उलट दिशेने, विलायतेहून उष्ण कटिबंधात येणाऱ्या सिगारेटी हवाबंद पत्र्याच्या गोल डब्यांतून येत. पन्नास सिगारेटींचे ते डबे रिकामे झाल्यावर हळद, सुया, सुटे पैसे ठेवायला आपल्या घरांतून पुढे वर्षानुवर्षे वापरले गेले.

विलायतेत तंबाखूवरचा आयातकर वजनावर बसे. पाण्यावर कर नव्हता. साहजिकच कर भरलेल्या कोरड्या पानात पाणी मुरवून ते तंबाखूच्या भावाने विकण्याचा मोह कारखानदारांना होई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या पार्लमेंटला तयार तंबाखूतल्या ओलाव्याची कमाल मर्यादा कायद्याने ठरवून द्यावी लागली. हमालाने आप्पांना विचारलेला प्रश्न अशा रीतीने पार्लमेंटपर्यंत पोचलेला होता. त्याचे उत्तर ग्राहकाच्या आणि सरकारी खजिन्याच्या बाजूने मिळाले, कारण दोघांनाही आवाज होता. सिगारच्या बाबतीत ओलीचा खर्च उघड आहे: तो पेटीच्या, डब्याच्या किमतीत धरलेला असतो आणि विकत घेणारा तो देतो.

विडीला पेटी नाही. पंचवीस विड्यांचा कट्टा आणि त्यावर कागदाचे वेष्टन, एवढाच तिचा संसार. मग तिची ओल कोण सांभाळते?

२. मोजलेले पान, तोललेले पान

विडीचे पान टेंभुर्णीचे, म्हणजे तेंदूचे. टेंभुर्णी नावाची गावे महाराष्ट्रात जागोजागी आहेत. यावरून हे झाड किती ओळखीचे होते ते समजते. आपल्या सातपुड्यातही ते आहे. पानांचा मोठा व्यापार मात्र गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पूर्वेकडच्या जिल्ह्यांतला. उन्हाळ्याच्या आरंभी झुडपे छाटली की कोवळी, मोठी, सारखी पाने फुटतात आणि एप्रिल-मे महिन्यांत, पावसाच्या आत, ती तोडली जातात. कुटुंबेच्या कुटुंबे पहाटे जंगलात जातात. दुपारनंतर घरी पाने जुळवून पुडकी बांधली जातात. महाराष्ट्रात एका पुडक्यात सत्तर पाने धरण्याची रीत आहे. १९६९ च्या कायद्याने या व्यापाराचे नियमन राज्याने आपल्या हाती घेतले. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा आपली पाने स्वतःच विकू लागल्या.

तोडलेल्या पानाचे पुढचे सारे आयुष्य पाण्याभोवती फिरते. पुडकी उघड्या मैदानावर रांगांनी मांडून उन्हात वाळवतात, उलटतात, पुन्हा वाळवतात. या दिवसांत वळवाचा पाऊस आला की पान काळे पडते, त्यावर डाग येतात. पूर्ण वाळलेले पान तसेच पोत्यात भरले तर त्याचा चुरा होतो. म्हणून त्यावर बेताने पाणी शिंपडून ते मऊ करतात आणि मगच पोती भरतात. पाणी कमी पडले तर पान फुटते, जास्त झाले तर पोत्यात तापते आणि कुजते. हा अंदाज यंत्राने होत नाही, बोटांनी होतो.

हेच पान सिन्नर, संगमनेर, सोलापूर इथल्या विडी वळणाऱ्या बाईच्या घरी पोचते तेव्हा ती ते पुन्हा पाण्यात भिजवते, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते आणि मऊ झाले की पत्र्याच्या मापाने कात्रीने कापते. मग चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, दोरा. वळलेल्या विड्या कारखान्यात गेल्यावर भट्टीच्या उबेत शेकतात, म्हणजे पानातले जादा पाणी उडून जाते आणि बुरशी धरत नाही. झाडावरून धुरापर्यंत जाताना पान असे किमान दोनदा वाळते आणि दोनदा ओले होते.

आता यातली मापे पाहू. जंगलात पान मोजून घेतले जाते: इतकी पाने, इतकी पुडकी. वळणाऱ्या बाईला ते तोलून दिले जाते: हजार विड्यांना इतके ग्रॅम. तिच्याकडून विडी परत घेताना पुन्हा मोजून घेतली जाते: इतके हजार, इतके कट्टे. मधल्या एकाच टप्प्यावर तराजू येतो आणि नेमक्या त्याच टप्प्यावर पानात शिंपडलेले पाणी असते. त्या पाण्याचे वजन बाईच्या नावावर चढते. त्याची विडी मात्र होत नाही. शिवाय फाटकी, डागाळलेली पाने त्याच वजनात. हजार विड्या भरायला पान कमी पडले तर तिने ते पदरचे पैसे घालून आणायचे. हा कुणी बसून रचलेला कट असेल असे मी म्हणत नाही. पण मापाची पद्धत बदलण्याची जागा इतकी अचूक निवडली गेलेली आहे की तिला निव्वळ योगायोग म्हणणेही अवघड जाते.

३. निपाणीची ऊब

पानाच्या आत भरायची तंबाखू येते ती मुख्यतः गुजरातेतल्या चरोतर भागातून आणि बेळगाव जिल्ह्यातल्या मराठीभाषक निपाणी परिसरातून. निपाणीची काळी माती, कोरडा हिवाळा आणि रात्रीचे दव ही या पिकाची खरी भांडवलशाही. कापलेली तंबाखू शेतातच उन्हात वाळवतात. दुपारी तिला हात लावला तर पानाचा भुगा होतो. म्हणून उलटणे, गोळा करणे, रचणे ही कामे पहाटे, दवाने पान सैल पडलेले असताना करतात. दव इथे शेतकऱ्याचा सोबती आहे. बाजारात मात्र तेच दव त्याच्यावर उलटते. माल वजनावर विकला जातो आणि ओलीपोटी किती वजन किंवा किती भाव कापायचा हे हाताने पान चाचपणारा घेणारा ठरवतो.

१९४३ साली ब्रिटिश सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसवला आणि या व्यवहारात तिसरा पक्ष आला. पिकाची, वजनाची, वखारीतल्या साठ्याची नोंद होऊ लागली. पण तंबाखू हवेप्रमाणे वजन बदलते. शेतावर लिहिलेले वजन आणि महिन्यांनंतर वखारीत भरलेले वजन यांत तफावत पडणारच. ती सुकण्याची घट की चोरून विकलेला माल, हे वहीला कसे कळावे? सुकण्याला व्याकरणात कर्ता नसला तरी सरकारी नोंदवहीत जबाब द्यायला कुणीतरी उभे राहावेच लागे. कच्च्या तंबाखूवरचा हा कर १९७९ साली उठला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, मार्च-एप्रिल १९८१ मध्ये, निपाणीचे तंबाखू उत्पादक शेतकरी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली भावासाठी महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिल रोजी गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे बळी गेले. हे आंदोलन आपल्याला ठाऊक असते. त्याच गावातल्या वखारींमधल्या बायकांचा लढा तेवढा ठाऊक नसतो. तंबाखू कुटणे, चाळणे, निवडणे ही कामे करणाऱ्या या बायका १९७०च्या दशकाच्या अखेरीस प्राध्यापक सुभाष जोशी यांच्या साथीने संघटित झाल्या. दीपा धनराज यांच्या ‘युगांतर’ गटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट केला: ‘तंबाकू चाकीला ऊब आली’. या शीर्षकाकडे भाषेच्या अभ्यासकांनी जरूर पाहावे. साठवलेली तंबाखू आतून तापते, तिला ऊब येते, हे वखारीतले रोजचे ज्ञान. ते ज्ञान इथे चळवळीचे रूपक झाले आहे. ‘ऊब येणे’ हेही ‘सादळणे’सारखेच अकर्तृक. पण बायकांनी ते उलटे वापरले: आपल्या संतापाचा कर्ता शोधत बसू नका, इतका काळ दाबून ठेवलेल्या ढिगाला ऊब येणारच.

४. छाट

विडी कामगारांच्या शब्दसंग्रहात ‘छाट’ हा शब्द सर्वांत भीतीचा. संध्याकाळी विड्या तपासून घेताना ज्या नापसंत ठरतात ती छाट. पावसाळ्यात पान जादा ओले राहिले, विडी मऊ लागली: छाट. उन्हाळ्यात पान कोरडे पडून तोंडाशी तडकले: छाट. ऋतू कुठलाही असो, हवेने केलेला बिघाड वळणाऱ्या हाताच्या खात्यावर जमा. नाकारलेल्या विड्यांची मजुरी मिळत नाही आणि त्या विड्या मालकाकडेच राहतात, ही तक्रार कामगार चळवळीने वारंवार मांडलेली आहे.

ही तक्रार कुणापुढे न्यायची, हाच मुळात पेच होता. १९६०च्या दशकाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका खटल्यात असा निर्णय दिला की आपल्या सोयीने येणारा-जाणारा विडी कामगार हा कारखाना कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ ठरत नाही. त्यानंतर १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा आला. शीर्षकात तरी सिगार आणि विडी शेजारी बसले! या कायद्याचा मजकूर साहित्याच्या वाचकानेही एकदा वाचावा. विड्यांची किंवा तंबाखूची पाने कारखान्याच्या आवाराबाहेर भिजवायला आणि कापायला परवानगी देण्याची तरतूद त्याच्या २९व्या कलमात होती. ‘पाने भिजवणे’ ही बाईची पहाटेची, घरातल्या बादलीशी होणारी, कुणी न मोजलेली कृती. ती इथे श्रम म्हणून कायद्याच्या भाषेत नोंदली गेली. आणि ३९व्या कलमात कच्च्या मालाचा पुरवठा, विड्या नाकारणे आणि नाकारलेल्या विड्यांची मजुरी या तीन गोष्टींवरचे तंटे सोडवण्याची व्यवस्था होती. छाटीच्या प्रमाणावर राज्यांच्या नियमांनी मर्यादा घातली. कारखानदारांनी या कायद्याला आव्हान दिले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

कायद्याने सारे पालटले असे नाही. घरोघर वळणारी बाई कंत्राटदाराच्या वहीत कधी असते, कधी नसते. २०२० च्या श्रमसंहितेत हा स्वतंत्र कायदा विलीन करण्यात आला आहे, त्यामुळे ‘भिजवणे’ आणि ‘छाट’ यांना मिळालेली ती नेमकी जागा पुढे कितपत टिकते हे पाहावे लागेल. तरीही एक गोष्ट उरते. १९६६ च्या त्या मजकुराने ‘सादळली’ या अकर्तृक वाक्याला अधिकृतपणे विचारले: कुणी भिजवले, कुणी तपासले, कुणी नाकारले, आणि मजुरी कुणाची बुडाली?

५. पुन्हा पाचोरा

हे सारे वाचताना आमच्या भागातल्या वाचकाला तंबाखूपेक्षा कापूस आठवला असेल. ते स्वाभाविक आहे. खानदेशात ओलीचा हा तंटा कापसाच्या गाठीवर आधी लढला गेला. वजन वाढवण्यासाठी कापसावर पाणी मारणे, त्यात सरकी-माती मिसळणे याविरुद्ध मुंबई इलाख्यात १८२९ साली रेग्युलेशन झाले आणि अमेरिकन यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आलेला असताना १८६३ साली कापूस-लबाडीचा खास कायदा आला. त्या कायद्याच्या नजरेत पाणी म्हणजे लबाडीच.

आता पाणी यंत्राने मोजले जाते. हमीभावाच्या खरेदीत आठ टक्के ओलावा प्रमाण मानतात, त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भाव कापतात आणि बारा टक्क्यांवर कापूस घेत नाहीत. यंत्र खोटे बोलत नाही, हे मान्य. पण वेचणी दिवाळीच्या आगेमागे, थंडीच्या दवात होते. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांची गाडी एका खरेदीच्या ठिकाणाहून ओलीपायी परत आली. त्यांनी दोन दिवस कापूस धाब्यावर पसरून वाळवला आणि पुन्हा नेला. ओल कमी झाली, तसे वजनही कमी झाले. गाडीभाडे दोनदा लागले. मुलगा वर्गात म्हणाला, “सर, दव पडलं त्याला आमचे बाबा काय करणार?” आप्पांचेच वाक्य, पण बोलणारा या वेळी तराजूच्या दुसऱ्या बाजूला होता.

त्या तासाला मी अकर्मक क्रियापदे शिकवत होतो. फळ्यावर ‘पाऊस पडतो’, ‘दव पडते’, ‘पान सुकते’, ‘विडी सादळते’ अशी नेहमीची उदाहरणे लिहिलेली होती. मी त्यांच्यासमोर दुसरा रकाना काढला आणि मुलांना म्हटले, घरी वजनाच्या व्यवहारात ऐकलेले शब्द सांगा. घट, तूट, कडता, कटती, छाट. पाच मिनिटांत रकाना भरला. मग प्रत्येक शब्दापुढे ‘कुणी?’ आणि ‘कुणाची?’ हे दोन प्रश्न लिहायला सांगितले. डाव्या रकान्यात दोन्ही जागा कोऱ्या राहिल्या. उजव्या रकान्यात एकही कोरी राहिली नाही.